कॉलेजचा संघ : पास वाढले, पण कोणी काय करायचं ते अजून ठरत नाही

मधलीरेषा :

नमस्कार. कॉलेजच्या मुलांचा बास्केटबॉल संघ आहे, बारा जण. आठवड्यातून चार दिवस, दीड-दीड तास सराव. सामने फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी, म्हणजे 10 मिनिटांचे चार क्वार्टर आणि 24 सेकंदांचं शॉट क्लॉक, तेवढ्यात शॉट मारावाच लागतो. हंगामाच्या सुरुवातीला दोघंच शॉट मारायचे आणि तिघं बघत उभे राहायचे. ते आता बरंच सुधारलंय. बॉल फिरतो, जागच्या जागी ड्रिबल आपटणं कमी झालंय, पोरं एकमेकांना आवाज देतात. पण पुढे गाडी अडते ती अशी :

शॉट क्लॉकवर सात-आठ सेकंद उरले की सगळे एकमेकांची तोंडं बघतात आणि ज्याच्या हातात बॉल राहिला तो कसातरी फेकतो.

डिफेन्सिव्ह रिबाउंड (समोरच्यांचा चुकलेला शॉट) मिळाला की तिन्ही गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारे बाहेरचे खेळाडू, बॉल मागायला मागे येतात, पुढे पळायला कोणीच नसतं.

दोन उंच खेळाडू आहेत, दोघंही चांगले, पण एकाच ब्लॉकवर (रिमजवळच्या जागेवर) येऊन उभे राहतात. मग ड्राइव्ह करायला, म्हणजे ड्रिबल करत रिमकडे घुसायला, वाटच उरत नाही.

डिफेन्समध्ये एक जण हरला की त्याच्या जागी धावणारी पहिली मदत वेळेवर येते, त्या मदत करणाऱ्याची जागा भरणारी दुसरी येत नाही. कॉर्नरमधून मोकळा थ्री (तीन गुणांचा शॉट) बसतो.

आणि बेंचवरचे पाच आत गेले की पहिल्या पाचांनी कमावलेली आघाडी तीन-चार मिनिटांत जाते.

भूमिका ठरवून द्यायच्या आहेत, पण "तू शॉट मारू नकोस" म्हटलं की पोरगं रुसतं. सुरुवात कुठून करू? "संवाद वाढवा, विश्वास ठेवा" छापाचं नको, मैदानावर करता येईल असं सांगा.


वीकसाइड :

पोझिशनच्या नावांपासून सुरुवात करू नका. "तू दोन नंबर, तू चार नंबर" सांगून पोराला काहीच कळत नाही. भूमिका प्रसंगावरून लिहा. प्रसंग चारच : बॉल आपल्याकडे आल्यानंतरचे पहिले तीन सेकंद, सेट खेळात बॉल हातात नसताना, आपल्या संघाचा शॉट सुटला तेव्हा, आणि बॉल समोरच्यांकडे गेला तेव्हा. प्रत्येक खेळाडूला या चारही प्रसंगांत एकेक काम. उदाहरणार्थ तुमच्या दुसऱ्या उंच खेळाडूसाठी : रिबाउंड घेतला की तोंड जवळच्या साइडलाइनकडे, आउटलेट पास (बाहेरच्या गार्डला पहिला पास), मग सरळ समोरच्या रिमकडे धाव. सेटमध्ये हाय पोस्ट, म्हणजे फ्री थ्रो लाइनपाशी. शॉट सुटला की ऑफेन्सिव्ह रिबाउंडला जा. बॉल गेला की बॉल अडवायला थांबू नकोस, थेट मागे पेंटमध्ये (रिमसमोरच्या चौकोनात). बस, चार ओळी. आठ ओळी दिल्यात तर सामन्यात एकही आठवत नाही.

शॉट सुटल्यावर रिबाउंडला कोण जाणार आणि मागे कोण पळणार हे आधी ठरलेलं नसलं की दोन्हीकडून नुकसान होतं. साधा नियम : दोन उंच आणि एक गार्ड आत, दुसरा गार्ड फ्री थ्रो लाइनपाशी, तिसरा मधल्या रेषेपाशी. शॉट हवेत असतानाच हलायचं. शॉट बसतो का ते बघत उभा राहिलेला गार्ड हाच समोरच्यांच्या फास्ट ब्रेकचं कारण असतो.

तिन्ही गार्ड मागे येतात यावर : मागे यायची परवानगी एकालाच द्या. ज्या बाजूला रिबाउंड पडला त्या बाजूच्या साइडलाइनजवळ, फ्री थ्रो लाइनच्या समांतर रेषेत तो उभा राहील, पाठ साइडलाइनकडे, म्हणजे त्याला अख्खं मैदान दिसेल. बाकीचे दोघं न बघता दोन्ही कॉर्नरकडे पळणार. त्या एकाला अडवलं तर रिबाउंड घेणाऱ्याने दोन ड्रिबल घेऊन बाहेर यायचं आणि अडवलेल्या गार्डने मध्ये कापत जायचं. हाफ ओलांडायला 8 सेकंद असतात, घाबरायचं कारण नाही. सरावात चूक झाली की शिट्टी मारा आणि फक्त एक प्रश्न विचारा : "कॉर्नरमध्ये कोण पोचलं?" थोड्या दिवसांत पोरंच एकमेकांना हाकलतात.

दोन उंच खेळाडूंसाठी एकच जोडनियम ठेवा. एक खाली असला की दुसरा वर. वर म्हणजे एल्बोपाशी, जिथे फ्री थ्रो लाइन पेंटच्या कडेला मिळते. खालच्याच्या बाजूने ड्राइव्ह आला तर त्याने बेसलाइनवरून पलीकडे सरकायचं, मधून आला तर शॉर्ट कॉर्नरकडे (बेसलाइनवर पेंट आणि कॉर्नर यांच्या मध्ये). ड्राइव्ह करणाऱ्याच्या वाटेत आपलाच माणूस उभा असेल तर त्याच्यासोबत त्याचा डिफेंडरही फुकटात उभा असतो. बाहेरच्या तिघांमध्ये साडेचार-पाच मीटर अंतर हवं. पोरांना हे अंतर नजरेने कधीच कळत नाही. फरशीवर टेपच्या खुणा करा, दोन कॉर्नर, दोन विंग (कॉर्नरच्या वर, दोन्ही बाजूंना), एक टॉप (रिमसमोर मध्यावर). थ्री पॉइंट लाइनच्या अर्धा-एक पाऊल बाहेर, लाइनवर पाय ठेवून नाही.

आता रुसव्याचं. "मारू नकोस" हे वाक्यच काढून टाका. प्रत्येकाला त्याच्या शॉटची यादी द्या : हे बिनधास्त मार, हे क्लॉक संपत आलं तरच, हे सध्या नाहीत. आणि ही यादी आकड्यांवरून करा. 33 टक्क्यांनी बसणारा थ्री आणि 50 टक्क्यांनी बसणारा टू सारखेच, शॉटमागे साधारण एक पॉइंट. ड्रिबल थांबवून पाच मीटरवरून मारलेला टू 40 टक्के बसला तर शॉटमागे 0.8. हे गणित पोरांना लगेच कळतं. मोजणी मात्र डिफेंडर धावत अंगावर येत असताना करा. एकट्याने उभं राहून मारलेल्या शॉटचे आकडे फसवतात. दर तीन आठवड्यांनी पुन्हा मोजा, आकडा वाढला तर शॉट वरच्या यादीत. दार उघडं आहे हे दिसलं की पोरगं रुसायचं सोडून शॉट मारायला लवकर येतं.


चोविसावासेकंद :

वीकसाइड यांच्याशी बहुतेक सहमत. मी फक्त शेवटच्या आठ सेकंदांबद्दल लिहितो, कारण तिथे मुळातली चूक आधीच्या सोळा सेकंदांत असते.

बॉल फिरतो म्हणजे सांघिक खेळ झाला असं मानू नका. थ्री पॉइंट लाइनच्या बाहेरून टॉप-विंग-टॉप-विंग असे सहा पास झाले तरी डिफेन्सला फक्त तोंड वळवावं लागतं, पाय हलवावे लागत नाहीत. एका माणसावर दोन डिफेंडर यायला भाग पाडलं तरच पासला किंमत. त्यामुळे पास मोजू नका, बॉल पेंटमध्ये किती वेळा गेला ते मोजा, ड्राइव्हने, पोस्ट पासने किंवा कटने. सरावातल्या खेळात नियम लावा : बॉल पेंटमध्ये जाऊन आला असेल तर बास्केटचे पूर्ण गुण, नाहीतर एकच. दोन सत्रांत फरक दिसतो. ड्रिबल-बंदीचा खेळही चांगला, पण पाच-सात मिनिटंच. तो लांबवला की पोरं ड्राइव्ह करायचीच विसरतात आणि तुम्ही पुन्हा बाहेर-बाहेर फिरणाऱ्या बॉलपाशी येता.

दुसरं, बॉल हातात आल्यावर निर्णयाला अर्धा सेकंद. शॉट, पास, ड्राइव्ह यांपैकी एक. बॉल डोक्यावर धरून चौफेर बघणारा खेळाडू म्हणजे डिफेन्सला दिलेली विश्रांती. यासाठी बॉल यायच्या आधी बघायची सवय लागते, म्हणून पास हवेत असतानाच दुसऱ्या कोचने किंवा बाहेर बसलेल्या पोराने एक-दोन बोटं दाखवावीत आणि बॉल पकडणाऱ्याने आकडा ओरडून सांगावा. हास्यास्पद वाटतं, काम करतं.

आता आठ सेकंद. बेंचवरून सगळ्यांनी मिळून एकच शब्द ओरडायचा, "आठ" चालेल. तो ऐकला की चालू असलेला सेट सोडून द्यायचा आणि नेहमी एकच गोष्ट : तुमचा सगळ्यात चांगला ड्रिबलर टॉपला, सगळ्यात चांगला स्क्रीन लावणारा (डिफेंडरच्या वाटेत उभा राहून त्याला अडवणारा) उंच खेळाडू त्याच्याकडे, दोघं कॉर्नरमध्ये, पाचवा रोलच्या विरुद्ध बाजूच्या विंगवर. बॉल दुसऱ्याकडे असेल तर त्याने ड्रिबल करत त्या ड्रिबलरच्या अंगावरून जाऊन हातात बॉल द्यायचा, दोन सेकंद त्यात जातात. उरतात सहा. पिक-अँड-रोलला (स्क्रीन लावायचा आणि मग लावणाऱ्याने रिमकडे वळायचं) तेवढे पुरतात.

बिघडतं कुठे? ड्रिबलर स्क्रीनची वाट बघत नाही आणि आधीच निघतो, मग हलत्या स्क्रीनचा फाउल उंच खेळाडूवर लागतो. किंवा स्क्रीन फार वर, लाइनच्या दोन मीटर बाहेर लागतो, तिथून रिम लांब आणि वेळ संपतो. किंवा स्क्रीनचा कोन चुकतो : स्क्रीन लावणाऱ्याची पाठ जिथे ड्राइव्ह जायचा त्या दिशेला हवी. ड्रिबलरचा खांदा स्क्रीनच्या कमरेला घासून गेला पाहिजे, मध्ये डिफेंडर घुसेल एवढी फट राहिली तर स्क्रीन लावला न लावला सारखाच. डिफेन्सने स्विच केलं, म्हणजे दोघांनी आपापली माणसं बदलली, तर रोल करणाऱ्याने आत छोट्या डिफेंडरला पाठीवर घेऊन बसायचं, आणि तीन सेकंदांच्या आत पास आला नाही तर ड्रिबलरने स्वतः मारायचं. हा शॉट कोणाचा, हे आधीच जाहीर असतं, म्हणून चुकला तरी कोणी कोणाकडे बघत नाही.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. आपला शॉट रिंगला लागून ऑफेन्सिव्ह रिबाउंड मिळाला तर क्लॉक 24 ला जात नाही, 14 ला येतं. म्हणजे बॉल बाहेर काढून पहिल्यापासून सेट लावायला वेळच नाही. तिथे नियम : रिमखाली मोकळा असशील तर लगेच वर जा, नाहीतर बाहेर पास, आणि बाहेर पास मिळाला की थेट "आठ"चंच खेळायचं.


बेसलाइनबंद :

कॉर्नर थ्रीबद्दल. हा प्रश्न आळसाचा समजून पोरांवर ओरडण्यात अर्थ नाही. दुसऱ्या मदतीला आपण कधी हलायचं हेच बहुतेक संघांत सांगितलेलं नसतं.

समजा बॉल उजव्या विंगवर आहे, तुमचा डिफेंडर हरला आणि ड्राइव्ह उजव्या बेसलाइनने आला. पहिली मदत डाव्या कॉर्नरवाल्याच्या डिफेंडरची, त्याला खालचा म्हणू. तो पेंट ओलांडून ब्लॉकच्या बाहेर ड्राइव्हसमोर उभा राहतो. रिमखालच्या अर्धवर्तुळाच्या बाहेर उभं राहायचं, त्याची त्रिज्या 1.25 मीटर आहे, आत उभा असेल तर अंगावर आपटलेल्याचा चार्ज (आक्रमण करणाऱ्यावरचा फाउल) मिळत नाही. या क्षणी डावा कॉर्नर मोकळा आहे. दुसरी मदत म्हणजे डाव्या विंगवाल्याचा डिफेंडर. त्याने खाली सरकून कॉर्नर आणि विंग या दोघांच्या मध्ये उभं राहायचं, एकटा दोघांना. आणि हे कधी? खालचा हलला तेव्हा. पास सुटला तेव्हा नाही. तुमच्या पोरांचं नेमकं हेच होत असणार : दुसऱ्या मदतीचा खेळाडू बॉल बघतो, पास सुटल्यावर निघतो, तोपर्यंत कॉर्नरवाल्याचे पाय लागलेले असतात. कॉर्नरमधून थ्री 6.60 मीटरचा, वरून 6.75. सगळ्यात जवळचा थ्री आपण सगळ्यात उशिरा अडवतो.

पास कॉर्नरला गेला की दोघांच्या मध्ये उभा असलेला डिफेंडर कॉर्नरवर धावतो. मग पेंटमध्ये मदत करून बसलेला खालचा कुठे जाईल? स्वतःच्या माणसाकडे नाही. तो विंगवर जातो. दोघांच्या वाटा एकमेकांना छेदतात. ज्याला ड्राइव्हवर हरवलं तो पेंट भरतो. इथे दुसरी ठरलेली चूक होते : खालचा सवयीने आपल्याच माणसाकडे पळतो, कॉर्नरमध्ये दोघं आदळतात, विंग मोकळी. म्हणून "माझा माणूस" हा शब्द मदत झाल्यावर विसरायचा, सगळ्यात जवळचा मोकळा माणूस तो माझा.

सराव चार विरुद्ध चारचा शेल, म्हणजे डिफेन्सच्या जागा घोटून घ्यायचा खेळ. आधी फक्त पास, बॉलची बाजू बदलली की प्रत्येकाने बॉल हवेत असतानाच नव्या जागेवर पोचायचं. बॉलपासून एक पास लांब असलेल्या माणसाचा डिफेंडर पासच्या वाटेत एक हात घालून, दोन पास लांब असलेल्याचा एक पाय पेंटमध्ये ठेवून. फिबात तीन सेकंदांचा नियम आक्रमण करणाऱ्यांनाच आहे, डिफेंडर पेंटमध्ये हवा तेवढा थांबू शकतो, त्यामुळे लांब उभं राहायचं काही कारण नाही. मग ड्राइव्ह जोडा : विंगवरच्या डिफेंडरला मुद्दाम अर्धं पाऊल मागे ठेवून ड्राइव्ह आत येऊ द्या. पहिल्या दिवशी चालत, दुसऱ्या दिवशी पळत, मग शॉट आणि बॉक्स आउटपर्यंत (समोरच्याला पाठीने अडवून रिबाउंड घेणं). सलग तीन वेळा बॉल हिसकावला किंवा रिबाउंड घेतला तरच बाहेर पडायचं. दहा-बारा मिनिटांपेक्षा जास्त करू नका, दमल्यावर पोरं चुकीच्या जागाच घोटून घेतात.

गुणमोजणीत एक बदल करा. कॉर्नरमधून मोकळा थ्री पडला तर वजा गुण कॉर्नरच्या डिफेंडरला देऊ नका, तो बरोबर मदतीला गेला होता. दुसऱ्या मदतीच्या नावावर लिहा. हे कागदावर दिसलं की मदत करणाऱ्याची भीती जाते. नाहीतर दोन-चारदा त्याच्यावर ओरडा बसला की तो पहिली मदतही बंद करतो.

आवाजाबद्दल : किती बोलतात यापेक्षा कोण बोलतो आणि कधी ते बघा. मागचा पुढच्याला सांगतो, कारण मागच्याला दिसतं. खालच्याने ड्राइव्हच्या आधीच "मी आहे" म्हणायचं, म्हणजे बॉलवरचा डिफेंडर निर्धास्त अंगाला भिडतो. स्क्रीनची सूचना स्क्रीन लावणाऱ्याच्या डिफेंडरने, धडक बसायच्या आधी, बाजूसकट : "उजवी". धडक बसल्यावर ओरडलेल्या "स्क्रीन"ने फक्त जखमेची माहिती मिळते.


मधलीरेषा :

दुसऱ्या मदतीची वेळ, अगदी हेच. आमचा दुसरा पासची वाट बघतो. पाच बदली खेळाडूंबद्दल कोणी सांगेल का? दोन्ही स्कोअररना एकदम विश्रांती द्यावी लागते असा आमचा समज आहे.


सहावाखेळाडू :

तो समज सोडा. चाळीस मिनिटं गुणिले पाच, एकूण 200 खेळाडू-मिनिटं तुमच्या हातात आहेत. सामन्याआधी ती कागदावर वाटून बघा. नऊ जणांत : 30, 28, 28, 26, 24 हे पहिले पाच, म्हणजे 136. उरलेल्या चौघांना 20, 18, 14, 12, म्हणजे 64. बेरीज 200. बाराही जणांना सारखी मिनिटं द्यायची म्हटली तर प्रत्येकी 17 पेक्षा कमी येतात आणि कोणाचाच जम बसत नाही. उरलेल्या तिघांना ते खरं खरं, एकेकट्याला बोलावून सांगा, आणि सरावात त्यांच्याकडून समोरच्या संघाचे सेट चालवून घ्या. ही खोटी समजूत नाही. समोरचे कुठून स्क्रीन लावतात हे पहिल्या पाचांना त्यांच्यामुळेच दिसतं.

एका वेळी दोनपेक्षा जास्त बदलू नका. दोन स्कोअररपैकी एक नेहमी आत. पहिल्या क्वार्टरमध्ये साधारण चार मिनिटं झाल्यावर एकाला बाहेर काढा, शेवटची दोन मिनिटं उरली की त्याला आत आणून दुसऱ्याला बाहेर. दुसरा क्वार्टर पहिला स्कोअरर, एक भरवशाचा ड्रिबलर आणि तीन बेंचवाले असा सुरू होतो. याचा फायदा असा की बेंचवरच्या खेळाडूची भूमिका बदलत नाही. पाचही बेंचवाले एकत्र आत असले की एरवी स्क्रीन लावणाऱ्यालाच अचानक शॉट शोधावा लागतो. आघाडी जाते ती तिथे. पोरं कमी ताकदीची असल्यामुळे नाही, ओळखीचं काम हातातून गेल्यामुळे.

आत जाणाऱ्याने टेबलपाशी बसतानाच विचारून घ्यायचं : मी कोणाला धरतोय, आपले टीम फाउल किती, क्लॉक किती. क्वार्टरमध्ये चार टीम फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात. ताजा दमाचा खेळाडू आत जातो आणि उत्साहाच्या भरात पाचवा फाउल हाफलाच करून येतो, हे फार वेळा दिसतं. पहिल्या क्वार्टरमध्ये कोणाचे दोन वैयक्तिक फाउल झाले तर त्याच्या जागी कोण, हेही आधीच लिहिलेलं हवं. पाचव्या फाउलला खेळाडू बाहेरच जातो.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे एकेकाळचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या दोन पद्धती आजही उचलण्यासारख्या आहेत. बास्केट झाली की मारणाऱ्याने पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं. आणि दमलेल्या खेळाडूने मूठ वर केली की त्याला बाहेर काढायचं, पण आत परत कधी जायचं ते त्याने ठरवायचं. दुसरी पद्धत वाटते त्यापेक्षा महत्त्वाची आहे. कोच आपल्याला परत घेईल का या भीतीने पोरं दम लपवतात आणि डिफेन्समध्ये उभी राहून विश्रांती घेतात. तुमची दुसरी मदत उशिरा येण्यात याचाही वाटा असेल, तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरमध्ये जास्त होतंय का बघा.


तिरपापास :

एका मुद्द्यावर वीकसाइड यांच्याशी असहमत. भूमिकेची चिठ्ठी सामन्यापुरती ठीक. सरावातही तीच लावली तर उंच पोरगं वर्षभर ड्रिबलच करणार नाही आणि समोरच्यांनी फुल कोर्ट प्रेस (अख्ख्या मैदानभर अंगावर येणारा डिफेन्स) लावला की तुमचा एक गार्ड दोघांत अडकेल, बाकी कोणाला बॉल वर आणता येणार नाही. सरावाच्या पहिल्या वीस मिनिटांत सगळ्यांनी सगळं करावं. तीन विरुद्ध दोन, परत येताना दोन विरुद्ध एक, यात उंच खेळाडूही मधल्या लेनमध्ये बॉल घेऊन पळू दे.


वीकसाइड :

मान्य, चिठ्ठी सामन्यासाठी आणि सरावातल्या पाच-विरुद्ध-पाचसाठीच. प्रेसविरुद्ध तर उंच खेळाडू मध्ये हवाच, त्याला डोक्यावरून पास देता येतो. फक्त त्याने तिथे ड्रिबल न करता वळून पुढचा पास बघायचा.


मधलीरेषा :

सुधारणा होतेय की नाही हे मोजायला काय मोजू? स्कोअरशीट लिहायला दोन विद्यार्थी आहेत, व्हिडिओ नाही.


स्कोअरशीट :

दोघं पुरेत. एकाने नेहमीचं लिहावं : शॉट, फ्री थ्रो, रिबाउंड, असिस्ट (बास्केट करून देणारा पास), टर्नओव्हर (शॉट न मारताच गमावलेला बॉल). दुसऱ्याने फक्त तीन गोष्टींच्या काड्या : बॉल पेंटमध्ये गेला ती पझेशन (बॉल आपल्याकडे आल्यापासून जाईपर्यंतची एक खेळी), हात लागून वळलेले समोरच्यांचे पास, आणि कॉर्नरमधून दिलेले मोकळे थ्री. जास्त काही दिलंत तर तो मॅच बघत बसेल.

आधी पझेशन काढा. सूत्र : फील्ड गोलचे प्रयत्न, अधिक फ्री थ्रोचे प्रयत्न गुणिले 0.44, वजा ऑफेन्सिव्ह रिबाउंड, अधिक टर्नओव्हर. काल्पनिक उदाहरण घ्या : 62 शॉट, 18 फ्री थ्रो, 11 ऑफेन्सिव्ह रिबाउंड, 16 टर्नओव्हर. 62 अधिक 7.92 वजा 11 अधिक 16, म्हणजे साधारण 75 पझेशन. 66 पॉइंट झाले असतील तर पझेशनमागे 0.88. सामन्याचा वेग कमी-जास्त असला तरी हा आकडा दोन सामन्यांत ताडून बघता येतो, नुसता स्कोअर बघता येत नाही.

मग जिंकण्या-हरण्याचे चार घटक. बास्केटबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी त्यांना ढोबळ वजनं दिली होती : शूटिंग 40 टक्के, टर्नओव्हर 25, ऑफेन्सिव्ह रिबाउंड 20, फ्री थ्रो 15. वरच्या उदाहरणात 25 शॉट बसले, त्यांतले 5 थ्री. थ्रीला अर्धा जास्तीचा धरून 27.5 भागिले 62, म्हणजे 44 टक्के. टर्नओव्हर 75 पैकी 16, म्हणजे 21 टक्के, दर पाच पझेशनपैकी एक शॉटशिवायच गेली. असा संघ शूटिंगचा सराव वाढवण्याआधी टर्नओव्हर बघेल तर लवकर सुधारेल. त्यातही बॉल बाहेर गेलेले आणि समोरच्याच्या हातात गेलेले वेगळे लिहा. बाहेर गेला तर डिफेन्स लावायला वेळ मिळतो, हातात गेला तर बहुधा सरळ लेअप.

असिस्टचं प्रमाण, म्हणजे बसलेल्या शॉटपैकी किती पासवर आले, ते बघायला हरकत नाही, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. पेंटच्या काड्या त्याच्याशेजारी ठेवूनच वाचा. प्लस-मायनस (खेळाडू आत असतानाचा दोन्ही संघांच्या गुणांतला फरक) एका सामन्यावरून कोणालाही दाखवू नका. तो खेळाडू आत असताना समोरच्याने दोन लांबचे थ्री मारले एवढ्यानेही आकडा उलटतो, आणि पोरं तो आकडा वर्षभर लक्षात ठेवतात. पाच-सहा सामन्यांचा, तोही जोड्यांचा बघा : दोन्ही उंच एकत्र असताना काय होतं, एकच असताना काय होतं. तुमच्या ब्लॉकवरच्या गर्दीचं उत्तर त्यातच मिळेल.


चोविसावासेकंद :

टाइमआउटबद्दल राहिलं. पहिल्या हाफला दोन, दुसऱ्याला तीन, आणि त्यांतले जास्तीत जास्त दोनच शेवटच्या दोन मिनिटांत वापरता येतात. म्हणजे तिसरा त्याआधी वापरला नाही तर वाया जातो. टाइमआउट एक मिनिटाचा. पहिली पंधरा सेकंद पोरांना पाणी पिऊ द्या, मग एकच गोष्ट डिफेन्सची, एकच ऑफेन्सची, आणि उठायच्या आधी कॅप्टनने प्रत्येकाकडून तो कोणाला धरतोय ते वदवून घ्यायचं. समोरचे फ्री थ्रो मारत असतानाही पाच जण जमू शकतात, तिथे टाइमआउट जाळायची गरज नाही. तिथे कोण बोलणार हेही ठरवा, आणि तो तुमचा स्कोअरर नसावा, खालच्या जागी उभा राहणारा डिफेंडर असावा.


मधलीरेषा :

उद्यापासून शेल आणि "आठ" दोन्ही सुरू करतो. दोन्ही एकाच सत्रात घ्यावेत का?


बेसलाइनबंद :

घ्या, पण शेल आधी, पाय ताजे असताना. "आठ" सगळ्यात शेवटी, दमलेल्या पायांवर, प्रत्येक वेळी क्लॉकवर आठच सेकंद लावून, दोन्ही बाजूंना आळीपाळीने. सामन्यात ती वेळ तशीच येते.